आसियानचे दार : ब्रह्मदेश आणि पूर्व तिमोर

(अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



२६ ऑक्टोबर २०२५ रोजी क्वालालंपूरच्या शिखर परिषदेत पूर्व तिमोर हा देश आसियान या आग्नेय आशियाई राष्ट्रांच्या संघटनेचा अकरावा सभासद झाला. त्याने अर्ज केला होता मार्च २०११ मध्ये. म्हणजे चौदा लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या, सार्वमताने स्वातंत्र्य मिळविलेल्या आणि निवडणुकीने सरकारे बदलणाऱ्या या देशाला चौदा वर्षांहून अधिक काळ दाराबाहेर तिष्ठत राहावे लागले. याच संघटनेने ब्रह्मदेशाला जुलै १९९६ मध्ये निरीक्षक म्हणून बसवून घेतले आणि २३ जुलै १९९७ रोजी पूर्ण सभासद केले. तेथे लष्करशाही होती. तिला एक वर्ष पुरले.

प्रादेशिक संघटनेत कोणाला घ्यावे, हा प्रश्न परराष्ट्र खात्यांच्या अधिकाऱ्यांचा आहे, असे समजण्याची चाल पडली आहे. वरील दोन तारखांचे अंतर पाहिले म्हणजे तो प्रश्न कोणाचा आहे हे कळते.

मंडालेच्या तुरुंगामुळे महाराष्ट्राला दुरून का होईना परिचित असलेल्या ब्रह्मदेशात मे १९९० मध्ये निवडणूक झाली. आँग सान सू ची यांच्या पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या. खुद्द त्या जुलै १९८९ पासून स्थानबद्ध होत्या. लष्कराने निकाल गुंडाळून ठेवला. सत्तेवरील याच सेनापतींना १९९७ साली आसियानने मांडीला मांडी लावून बसविले. अमेरिका आणि युरोपीय राष्ट्रांनी विरोध केला तेव्हा आसियानचे उत्तर तयार होते : दूर लोटण्यापेक्षा जवळ घेऊन सुधारणा घडवू. या धोरणाला ‘रचनात्मक संबंध’ असे भारदस्त नाव होते. त्यामागे चीनची धास्ती होती, दहा राष्ट्रांचा आकडा पुरा करण्याची हौस होती आणि व्यापारही होता. १९८८ नंतर थायलंडच्या कंपन्यांना ब्रह्मदेशातील सागवानाच्या तोडीचे ठेके मिळाले, पाठोपाठ यादाना क्षेत्रातील वायूच्या खरेदीचा करार झाला. जंगल आणि वायू यांचे मालक असलेल्या जनतेला कोणीही विचारले नाही.

त्याच वर्षी कंबोडियाचाही प्रवेश व्हावयाचा होता. पण जुलै १९९७ मध्ये हुन सेन यांनी आपल्या सहपंतप्रधानांना बळाने हुसकावून लावले, आणि आसियानने तो प्रवेश लांबणीवर टाकला. कंबोडियाला एप्रिल १९९९ पर्यंत थांबावे लागले. बळाने घेतलेली सत्ता चालत नाही, हे तत्त्व आसियानला माहीत नव्हते असे म्हणता येत नाही. रंगूनची बळजोरी सात वर्षांची जुनी होती एवढेच.

तथापि आसियानची बाजू अगदीच पोकळ नव्हती. विरोध करणाऱ्या अमेरिकेचे हात स्वच्छ नव्हते. शिवाय बाहेर ठेवलेल्या देशातील सत्ताधीश उपाशी राहत नाहीत, उपाशी राहते ती रयत. आणि जवळ घेतल्याने काहीच साधत नाही, असेही नाही. १९६७ साली बँकॉकमध्ये पाच राष्ट्रांनी ही संघटना स्थापली ती साम्यवादाच्या भीतीने. तीत १९९५ साली व्हिएतनामला प्रवेश मिळाला आणि एका मोठ्या वैरावर पडदा पडला. तेव्हा सभासदत्व देण्याला आक्षेप नाही. ज्या सुधारणेच्या आशेने ते दिले ती न झाल्यास काय करावयाचे, याची तरतूद केली होती काय, असा प्रश्न आहे.

ती नव्हती, आणि मागाहूनही झाली नाही. १५ डिसेंबर २००८ रोजी अंमलात आलेल्या आसियानच्या सनदेत लोकशाही आणि मानवी हक्क हे शब्द आले. प्रवेशासाठी मात्र भौगोलिक स्थान, सर्व सभासदांची मान्यता, सनदेचा स्वीकार आणि जबाबदाऱ्या पार पाडण्याची कुवत व तयारी एवढेच पाहिले जाते. एखाद्या सभासदाला काढून टाकण्याचे कलम तीत नाही. निर्णय सर्वसंमतीने होत असल्याने ज्याच्याविरुद्ध तक्रार तोही संमती देणाऱ्यांत असतो.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. एप्रिलमध्ये जाकार्ता येथे सेनापती मिन आँग ह्लाइंग यांच्या उपस्थितीत पाच कलमांवर सहमती झाली. हिंसा तत्काळ थांबवावी हे त्यांतले पहिले कलम. सेनापती परत गेले आणि गोळीबार चालूच राहिला. ऑक्टोबर २०२१ पासून त्यांना शिखर परिषदेचे निमंत्रण नाकारण्यात आले, २०२६ चे अध्यक्षपद ब्रह्मदेशाऐवजी फिलिपाइन्सकडे देण्यात आले. आसियानचे दंडशास्त्र येथे संपते.

आता पूर्व तिमोर. गोव्याच्या मुक्तिलढ्यात ज्यांनी पोर्तुगीजांच्या लाठ्या झेलल्या, त्या समाजवाद्यांना हा देश परका वाटू नये. मालक एकच होता. गोवा १९६१ साली सुटला. तिमोरने २८ नोव्हेंबर १९७५ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले आणि अवघ्या नऊ दिवसांनी सुहार्तोंचे इंडोनेशियन सैन्य तेथे उतरले. आदल्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड आणि किसिंजर जाकार्तात पाहुणचार घेत होते. पुढे तीन महिनेही झाले नव्हते तोच, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी, याच सुहार्तोंच्या यजमानपदाखाली बाली येथे आसियानच्या पाच राष्ट्रांनी मैत्रीचा करार केला. बळाचा वापर करू नये, परस्परांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करू नये, ही त्याची सूत्रे. तिमोरचा संहार हा इंडोनेशियाचा ‘अंतर्गत कारभार’ ठरला.

३० ऑगस्ट १९९९ च्या मतदानात ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्य मागितले. २० मे २००२ रोजी ते पदरात पडले. पुढे सभासदत्वाला इंडोनेशियाने पाठिंबा दिला, हे त्या देशात झालेल्या लोकशाही बदलाचे फळ मानले पाहिजे. हरकत निघाली ती तयारीबद्दल. सिंगापूरसारख्या संपन्न सभासदाने शंका घेतल्या : प्रशिक्षित अधिकारी आहेत काय, शेकडो बैठकांचा भार या गरीब देशाला पेलेल काय? शंका खोट्या नव्हत्या. पण कारभाराची कुवत चौदा वर्षे तोलून पाहणाऱ्यांनी रंगूनच्या सेनापतींची कुवत कोणत्या तराजूत तोलली होती? ऑगस्ट २०२३ मध्ये, तिमोरच्या नेत्यांनी ब्रह्मदेशातील लोकनियुक्तांच्या राष्ट्रीय ऐक्य सरकारशी बोलणी केली म्हणून लष्कराने तिमोरच्या राजनैतिक प्रतिनिधीला देश सोडावयास लावले. अनेक जुने सभासद जे टाळीत होते ते दारात उभ्या असलेल्या या उमेदवाराने केले.

भारताने या बाबतीत आसियानकडे बोट दाखवू नये. बंगालच्या उपसागराभोवतीच्या राष्ट्रांची बिमस्टेक ही संघटना जून १९९७ मध्ये निघाली आणि त्याच डिसेंबरमध्ये तीत ब्रह्मदेशाच्या सेनापतींना घेण्यात आले. एप्रिल २०२५ मध्ये तिच्या बँकॉक परिषदेस मिन आँग ह्लाइंग हजर होते. भारताचे पंतप्रधान त्यांना भेटले.

आशियाई समाजवाद्यांनी एकेकाळी दुसऱ्या प्रकारचा संघ मांडला होता. जानेवारी १९५३ मध्ये रंगूनला आशियाई समाजवादी परिषद भरली, ऊ बा स्वे तिचे अध्यक्ष होते. दुसरे अधिवेशन १९५६ साली मुंबईत झाले. तेथे सरकारे नव्हे, पक्ष आणि कार्यकर्ते एकमेकांना भेटत. १९६२ साली सत्ता बळकावलेल्या जनरल ने विन यांनी समाजवादाचेच नाव घेऊन ब्रह्मी समाजवाद्यांचे पक्ष आणि वृत्तपत्रे मोडून काढली. परिषद त्याआधीच थकली होती. तो धागा पुन्हा जोडावयाचा तर बँकॉक किंवा क्वालालंपूरपर्यंत जाण्याचे कारण नाही. २०२१ नंतर चिन प्रांतातून हजारो निर्वासित मिझोराममध्ये आले. त्यांना परत पाठवा, असे दिल्लीने कळविले. मिझोरामच्या राज्य सरकारने, चर्चने आणि खेड्यापाड्यांतील लोकांनी ते मानले नाही. त्यांनी निवारा दिला, मुलांना शाळेत घेतले. या निर्वासितांना कायद्याने कोणता दर्जा द्यावयाचा, हे ठरविणारा कायदाच या देशात नाही, आणि तो संसदेत मागण्यासाठी कोणत्याही शिखर परिषदेची सर्वसंमती लागत नाही.