गुलामानें पुरावा कोठून आणावा?
(यवतमाळ जिल्ह्यांतील एका गांवीं शेतकरी व कारागीर मंडळींपुढें मास्तरांनीं केलेलें भाषण)



आज हबशी गुलामांविषयीं दोन शब्द बोलावयाचे आहेत. विषय कानीं पडतांच गांवांतले एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "मास्तर, समुद्रापलीकडच्या लोकांचें आम्हांला काय? आमच्या कपाशीचें बोला." बरें तर, कपाशीपासूनच सुरुवात करूं.

१८६१ सालीं अमेरिकेंत उत्तर आणि दक्षिण अशी आपसांतली लढाई पेटली व ती चार वर्षें चालली. तोंपर्यंत विलायतच्या गिरण्यांना जाणारा बहुतेक कापूस दक्षिण अमेरिकन संस्थानांतला असे, आणि तो वेचणारे हात आफ्रिकेंतून धरून आणलेल्या माणसांच्या लेकराबाळांचे होते. मजुरी नाहीं, चाबूक मात्र भरपूर. मायलेकरांची ताटातूट करून बाजारांत बैल विकावा तसे त्यांचे लिलाव होत. लढाईनें तो कापूस अडला तेव्हां व्यापारी आपल्या वऱ्हाडाकडे वळले, भाव कडाडला, आणि लढाई संपतांच तो खालीं आला. तेजीच्या भरंवशावर कर्ज काढणाऱ्याचें काय झालें असेल तें तुम्हांला आम्हीं सांगावयास नको. त्या गुलामांचें दैव आणि आपल्या पणज्यांचें दैव एकाच बाजाराच्या हातीं होतें, एवढेंच ध्यानांत घ्या.

आणि हबशी गुलाम आपल्या मुलखांतही होते. मलिक अंबर हा अबिसीनियांत जन्मलेला पोरगा, कितीदां तरी विकला गेला, दक्षिणेंत आला आणि १६२६ सालीं मेला तेव्हां अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता कारभारी होता. त्याच्या जमीनधाऱ्याची व्यवस्था प्रसिद्धच आहे. पण एक अंबर मोठा झाला म्हणून माणसांचा बाजार कांहीं बंद झाला नाहीं. पुढें दोनशें वर्षें गलबतें येतच राहिलीं.

आतां कायद्याकडे वळूं. १८३३ सालीं विलायतच्या पार्लमेंटानें आपल्या वसाहतींतील गुलामगिरी मोडली आणि त्याबद्दल दोन कोटी पौंड भरपाई दिली. कोणाला? धन्यांना! ज्यांची पाठ फुटली त्यांना दमडी नाहीं. शिवाय कंपनी सरकारचा मुलूख त्यांतून वगळला होता. येथें कायदा झाला तो १८४३ सालीं, अवघ्या चार कलमांचा. सरकारी वसुलीसाठीं गुलाम म्हणून कोणाला विकूं नये; अमका माझा गुलाम, हा दावा कोणत्याही कोर्टानें ऐकूं नये; कष्टानें मिळवलेली चीजवस्त तूं गुलाम आहेस म्हणून हिसकूं नये; मोकळ्या माणसाला मारणें जसा गुन्हा, तसाच त्याला मारणें हाही गुन्हा. कलमें चांगलीं. परंतु गुलाम ठेवणाऱ्याला तुरुंग त्यांत नव्हता, आणि "बाबा, तूं मोकळा आहेस" हें त्या गुलामाच्या कानीं घालण्याचें काम कोणावरच सोंपवलें नव्हतें. आपला वऱ्हाड तर तेव्हां हैदराबादच्या निजामाकडे होता. तो १८५३ सालीं इंग्रजांच्या हातीं आला.

अरबी समुद्रांत इंग्रजी आरमारानें गुलामांचीं गलबतें धरलीं म्हणजे त्यांतलीं कित्येक मुलें मुंबईस उतरवीत. त्यांतलीं बरींच नाशिकजवळ शरणपूरला मिशनऱ्यांच्या आश्रमांत वाढलीं. तेथें त्यांना लिहिणेंवाचणें, सुतारकी, लोहारकी शिकवीत. धर्म आणि नांव मिशनऱ्यांनींच ठरवलें, पोरांना कोणीं विचारलें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. पण हातांत कसब आणि डोळ्यांत अक्षर आलें. त्यांतलाच जेकब वेनराइट. १८७३ सालीं लिव्हिंग्स्टन साहेब आफ्रिकेच्या रानांत वारले, तेव्हां त्यांचें प्रेत त्यांच्या हबशी सोबत्यांनीं महिनोन् महिने वाहून समुद्रकांठीं आणलें. त्यांत हा नाशिकचा जेकब होता. झाडावर साहेबांचें नांव त्यानेंच कोरलें, आणि १८७४ च्या एप्रिलांत लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेंत दफन झालें तेव्हां प्रेताला हात देणाऱ्यांत तोही उभा होता. पुढच्या वर्षीं मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांची वसाहत उभी राहिली, तिच्यांत शरणपूरचीं माणसें गेलीं.

परंतु आमच्या मनांत जास्त घर करून बसलीं आहेत तीं स्वतः कोर्टाची पायरी चढलेलीं माणसें. मॅसॅच्युसेट्स संस्थानांत बेट नांवाची एक गुलाम बाई होती. अक्षरओळख नाहीं. धन्याच्या घरीं कामें करतां करतां तिनें ऐकलें कीं, नव्या राज्यघटनेंत सर्व माणसें जन्मतः मोकळीं व समान आहेत असें लिहिलें आहे. ती सरळ वकिलाकडे गेली आणि १७८१ सालीं खटला जिंकली. कोर्टानें तिला तीस शिलिंग नुकसानभरपाईही देवविली. धनी म्हणाला, आतां पगारावर परत ये. ती गेली नाहीं.

ड्रेड स्कॉटचें नशीब निराळें. त्याला धन्यानें गुलामगिरी बंद असलेल्या मुलखांत वर्षानुवर्षें नेऊन ठेवलें होतें, म्हणून त्यानें व त्याची बायको हॅरिएट हिनें १८४६ सालीं सेंट लुईच्या कोर्टांत अर्ज केले. १८४७ सालीं ते हरले. कां? तर विधवा धनिणीनेंच त्यांना राबवलें, हें साक्षीदाराला स्वतःच्या माहितीनें सांगतां आलें नाहीं! गांवाला ठाऊक, पण कोर्टाला पुरावा नाहीं. १८५० सालीं ते जिंकले, १८५२ सालीं वरच्या कोर्टांत हरले, आणि १८५७ च्या मार्चांत सुप्रीम कोर्टानें निकाल दिला कीं काळ्या माणसाला देशाचा नागरिक म्हणून फिर्याद करण्याचा हक्कच नाहीं. अकरा वर्षें गेलीं. त्याच्या पहिल्या धन्याच्या मुलानें त्याच सालीं त्याला मोकळें केलें. पुढच्या वर्षीं बिचारा क्षयानें मेला. अमेरिकेच्या घटनेंतून गुलामगिरी गेली ती १८६५ सालीं, रक्ताचे पाट वाहिल्यावर. आणि टेक्साससारख्या दूरच्या संस्थानांत १८६३ च्या मुक्तीचा जाहीरनामा वाचून दाखवावयास १८६५ चा जून उजाडला. अडीच वर्षें लोक कायद्यानें मोकळे आणि शेतांत गुलाम!

जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक छापलें तें गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केलें. दूरच्या देशाचें दुःख त्यांना आपल्या शेतकऱ्याच्या दारांत दिसलें.

आपल्या दारांत काय आहे? दिवाळीनंतर आपल्या भागांतल्या किती घरांना कुलूप लागतें तें मोजा. उसतोडीला मुकादमाची उचल घेतलेल्या जोडप्याला "एक कोयता" म्हणतात. माणसाचें नांवही गेलें, राहिलें हत्याराचें. वीटभट्टीचें तेंच. उचल घेणें म्हणजे गुलामी असें आम्ही म्हणत नाहीं. पण हिशेब दाखवीत नाहींत, आजारी पडलें तरी घरीं जाऊं देत नाहींत, बापाची उचल पोरावर फिरवतात, तेथें १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा लागतो. त्याचें पंधरावें कलम पाठ करा. मजुरानें सांगितलें कीं हें वेठीचें कर्ज आहे, तर तें तसें नाहीं हें सिद्ध करण्याचा भार पैसे देणाऱ्यावर आहे. ज्या पुराव्यावांचून ड्रेड स्कॉट हरला, तो येथें मजुराकडे मागावयाचा नाहीं. वेठीला लावणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. किमान मजुरीपेक्षां कमी देऊन राबवणें हीही वेठच, असें सुप्रीम कोर्टानें १९८२ सालीं ठरवलें. आणि फरीदाबादच्या दगडखाणींतल्या मजुरांविषयींचें एक साधें पत्र त्याच कोर्टानें फिर्याद म्हणून धरलें, त्याचा निकाल १९८३ चा.

तेव्हां कोऱ्या कागदावर आंगठा देऊं नका. उचल किती, तारीख कोणती, रोज किती ऊस तोडला, किती विटा पाडल्या, हें पोराच्या वहींत लिहून ठेवा. बायकोचें काम निराळें मांडा, तें नवऱ्याच्या नांवांत बुडवूं नका. अडचण आली तर तहसीलदाराकडे किंवा प्रांताकडे लेखी अर्ज द्या आणि पोंच घ्या. ज्यांच्या घरीं उचलीचा कागद आहे त्यांनीं तो या आठवड्यांत शाळा सुटल्यावर घेऊन यावा, आम्ही वाचून देऊं. आंगठा आधींच दिला असेल तर तेंही सांगावें. मुकादमाचें नांव, गांव आणि त्या वेळीं कोण कोण हजर होतें एवढें आठवून या.