मोगऱ्याच्या कळीतली अळी



चैत्र-वैशाखात मोगरा भरात येतो आणि याच दिवसांत एक तक्रार हमखास कानावर येते. कळ्या धरतात, जांभळट पडतात आणि न उमलताच वाळतात. उन्हाचा दोष समजून लोक पाणी वाढवतात, खत घालतात. तशी एक कळी तोडून नखाने सोलून पाहा. बाजूला बारीक भोक, आत कुरतडलेल्या पाकळ्या, काळपट विष्ठा आणि काळ्या डोक्याची हिरवट अळी!

ही कळी पोखरणारी अळी. पांढऱ्या पंखांवर काळ्या नागमोडी रेघा असलेल्या छोट्या पतंगाची मादी कळ्यांवर अंडी घालते. अळीचं एका कळीवर भागत नाही. शेजारच्या कळ्या धाग्यांनी एकत्र बांधून ती एकीतून दुसरीत शिरते. एकदा आत गेली की वरून मारलेला फवारा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून जांभळ्या पडलेल्या, जाळी धरलेल्या कळ्या रोज खुडा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. झाडाखाली टाकू नका, कारण वाढ पुरी झालेली अळी मातीतच कोश करते. ते कोश उघडे पडावेत म्हणून झाडाखालची माती अधूनमधून खुरप्याने वरवर हलवा.

नव्या कळ्यांसाठी निंबोळी अर्क उत्तम. 50 ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबण मिसळा आणि संध्याकाळी फवारा, कारण उन्हात अर्काचा गुण लवकर उतरतो. अळी लगेच मरून पडत नाही. तिचं खाणं मंदावतं, कात टाकणं अडतं. तेवढा धीर धरायला हवा. घरच्या मोगऱ्यावर जहाल विष मारायला माझा ठाम विरोध आहे. ही फुलं आपण केसांत माळतो, पिण्याच्या माठात टाकतो!

झेंडूच्या आणि गुलाबाच्या कळ्यांत सापडते ती बहुधा हरभऱ्यावरची घाटे अळी. ती हाताने वेचावी, उपाय बाकी हेच.

पण प्रत्येक अळी शत्रू नव्हे. तगरीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी दिसते. तिला डिवचलं की ती डोकं आत ओढते आणि पाठीवरचे दोन निळे-पांढरे डोळे वटारल्यासारखे दिसतात. ते खरे डोळे नव्हेत, पक्ष्यांना दचकवायची ती युक्ती आहे. ही कण्हेरीवरच्या हॉक मॉथ पतंगाची अळी. ती भराभरा पानं खाते आणि फांद्या उघड्या पडतात हे खरं, पण भरलेल्या तगरीला नवी पालवी फुटायला वेळ लागत नाही. ही अळी मी काढत नाही. कारण दयाळ आणि शिंपी हे पक्षी याच दिवसांत पिल्लांना अळ्या भरवत असतात. कुठल्याही अळीच्या अंगावर बारीक पांढरे कोश चिकटलेले दिसले, तर तीही राहू द्या. ते गांधीलमाशीच्या जातीतल्या चिमुकल्या परजीवी माशांचे कोश असतात. त्यांतून निघणाऱ्या माशा पुढच्या अळ्यांमध्ये अंडी घालतील.