जुन्या यंत्राचा पाठ



१९०१ साली इंग्लंडमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी धूळ उडविण्याऐवजी ती हवेबरोबर ओढून कापडात गाळणारे यंत्र सिद्ध केले. आज असे जुने यंत्र हाती आले, तर त्याचे काय करावे?

पुण्याच्या दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) दिवंगत मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ दिवे, अडकित्ते जपले आणि तो संग्रह महाराष्ट्र शासनास अर्पण केला. घरगुती वस्तूंविषयीची तीच ममता येथे हवी. मात्र जीर्णोद्धार म्हणजे नवेपणा नव्हे. विटलेली विजेची तार सुरक्षिततेसाठी बदलावीच. पण काढलेली तारही नोंदीसह ठेवावी. ठिगळाची मूळ पिशवी फेकणे म्हणजे पोथीतील जुना पाठ खोडणे होय.

नागरवाड्यातील माळ्यावरचे यंत्र भंगारात देण्यापूर्वी एवढे स्मरावे : ते ठिगळ कुणा गृहिणीचे हस्ताक्षर आहे.