संगणकाचे काम आणि कारभाराचे शिक्षण

(ज्ञातिमंडळाच्या कुडाळ येथील वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-सत्काराच्या प्रसंगी दिलेले भाषण)



आज ज्या मुलामुलींचा येथे सत्कार झाला त्यांच्यात माहिती तंत्रज्ञान व संगणकशास्त्र या शाखांचे विद्यार्थी पुष्कळ आहेत. एके काळी आपल्या ज्ञातीतला हुशार मुलगा मॅट्रिक झाला की बोट किंवा एस.टी. धरून मुंबईस जाई आणि एखाद्या पेढीवर कारकून म्हणून चिकटे. आज त्याचा नातू संगणकाची पदवी घेतो, याचे कौतुक आपणां सर्वांस आहे. परंतु नुसत्या कौतुकाने विद्यार्थ्याचे कल्याण होत नाही. तो काय शिकतो आहे याची थोडी विचारपूस वडीलधाऱ्यांनीही केली पाहिजे. तेवढ्याचसाठी आम्ही उभे आहोत.

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. उभा जन्म प्राथमिक शाळेत पाढे आणि बाराखडी शिकविण्यात गेला. यंत्राच्या पोटात काय चालते हे आम्हांस सांगता येणार नाही, व तसा आव आम्ही आणणार नाही. मात्र या मुलांची पुस्तके गेले वर्षभर आम्ही मागून घेऊन चाळली, न समजले ते त्यांनाच विचारले. त्यांत एक विषय असा आढळला की तो शेतकऱ्यास, लग्नघर चालविणाऱ्या गृहिणीस आणि शाळेच्या मुख्याध्यापकासही सहज उमगावा. मुंबई विद्यापीठाच्या माहिती तंत्रज्ञानाच्या पदवीला तिसऱ्या वर्षी ‘सॉफ्टवेअर प्रोजेक्ट मॅनेजमेंट’ या नावाने तो शिकविला जात आला आहे. माहितीप्रणाली उभी करण्याचे काम हाती घेऊन ते वेळेत, ठरल्या पैशांत आणि ज्याच्यासाठी करावयाचे त्याच्या उपयोगी पडेल असे तडीस कसे न्यावे, हा त्याचा आशय. पुष्कळ विद्यार्थी त्यास पाठांतराचा विषय समजतात. गुण मिळाले की विसरतात. आमच्या मते तोच त्यांच्या शिक्षणाचा कणा आहे, आणि हेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम हे शास्त्र कोठून आले ते पाहू. १९५७-५८ च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पाँट या रसायनांच्या कंपनीने व तेथील नौदलाने, हजारो लहान कामांची साखळी कशी जुळवावी याच्या पद्धती बसविल्या. त्यांतला ‘क्रिटिकल पाथ’ हा शब्द मुलांना अवघड वाटतो. पण आपल्या शेतीत तो रोजचा आहे. लावणी करावयाची तर तरवा तयार हवा. तरवा हवा तर तो तीन-चार आठवडे आधी पेरला पाहिजे. बांध दोन दिवस उशिरा दुरुस्त झाला तरी चालेल. तरवा दोन दिवस उशिरा पेरला तर पुढचे सारे दोन दिवस मागे जाते. कोणत्या कामाच्या विलंबाने सगळेच अडते आणि कोणत्याच्या विलंबाने अडत नाही, हे आधी ओळखणे म्हणजेच ते शास्त्र.

संगणकाच्या कामाने या शास्त्रापुढे नवी अडचण टाकली. रस्ता किती झाला हे डोळ्यांना दिसते; संगणकाचे काम किती झाले हे दिसत नाही. ‘बहुतेक झाले आहे’ असे सांगणारा महिनोन्‌महिने तेच सांगू शकतो. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे देशोदेशीचे जाणकार याच चिंतेने एकत्र जमले होते. पुढे १९७५ साली फ्रेडरिक ब्रूक्स या गृहस्थांनी आपल्या ग्रंथात असा सिद्धांत मांडला की उशीर झालेल्या कामावर नवी माणसे आणून लावली तर उशीर आणखी वाढतो. आय.बी.एम. कंपनीत एका प्रचंड प्रणालीचे काम त्यांनी स्वतः चालविले होते, तेव्हा हे अनुभवाचे बोल होते. लावणीस दहा माणसे अधिक आली तर चार दिवसांचे काम दोन दिवसांत होईल. पण अढीत घातलेला आंबा दहा राखणदार बसविले म्हणून लवकर पिकत नाही. कोणते काम लावणीचे आणि कोणते अढीचे, हे ज्यास कळते तो खरा व्यवस्थापक.

मोठ्या कामाचे एक उदाहरण आपल्या दाराशीच आहे. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. रोह्यापासून मंगळुराजवळील ठोकूरपर्यंतच्या सुमारे ७४० किलोमीटरच्या मार्गाचे सात विभाग पाडण्यात आले आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमला गेला. त्या सातांपैकी एक विभाग आपल्या कुडाळचा होता. ९० हून अधिक बोगदे आणि लहानमोठे सुमारे २,००० पूल, असे ते काम. श्री. ई. श्रीधरन यांच्यासारखा धुरीण असूनही पाच वर्षांत पुरे करण्याचा संकल्प तेवढ्या अवधीत सिद्धीस गेला नाही. संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. गोव्यातील मार्गाचा वाद आडवा आला, आणि पेडण्याच्या बोगद्यात भुसभुशीत मातीने वर्षानुवर्षे दाद दिली नाही. नकाशा कितीही चोख असला तरी डोंगराच्या पोटातली माती नकाशात दिसत नाही. जे दिसत नाही त्याचीही तजवीज आधी करून ठेवावी, हा त्यातला बोध होय.

आता खुद्द माहितीप्रणालीकडे वळू. २०१७ या एकाच वर्षी आपल्या राज्यात दोन मोठी कामे चालू होती. दोन्ही संगणकाची, आणि दोहोंचा संबंध आपल्या घराघराशी.

पहिले मुंबई विद्यापीठाचे. त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासावयाच्या असे ठरले. हेतू उत्तम होता. गठ्ठ्यांची ने-आण वाचावी, बेरजेतील चुका टळाव्यात. परंतु परीक्षा ४७७ आणि उत्तरपत्रिका सुमारे १७ लाख! काम कोणाकडे सोपवावयाचे ते ठरेपर्यंत परीक्षांचा हंगाम सुरू झाला होता. एकेक पान यंत्रातून काढून त्याचे चित्र साठवणे, हजारो प्राध्यापकांना नवी रीत शिकविणे, आणि प्रत्यक्ष तपासणी ही तिन्ही कामे एकाच वेळी अंगावर आली. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घातली, तीही टळली. इतर विद्यापीठांतील प्राध्यापकांचे साहाय्य घ्यावे लागले. निकाल पुरे होण्यास सप्टेंबर उजाडला, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये त्याच विद्यापीठाशी संलग्न. तेव्हा ती झळ मुंबईपुरती राहिली नाही. निकाल हाती नाही म्हणून पुढचा प्रवेश अडलेल्या विद्यार्थ्यास ‘यंत्र मंद चालते’ या उत्तराचा काय उपयोग?

दुसरे काम सातबाराचे. आपल्या कोकणातील सातबारा म्हणजे काय प्रकरण आहे हे आपणांस सांगावयास नको. चार गुंठ्यांस वीस वारस. त्यांतले निम्मे मुंबईस, दोघे दिवंगत, आणि एकाचे नाव आजोबांच्या काळापासून चुकलेले. तलाठ्याच्या हस्तलिखितावरून हे सारे संगणकावर उतरविले, तेव्हा जुन्या चुका तर आल्याच; उतरविताना नव्या पडण्याचाही संभव होता. म्हणून २०१७ च्या उन्हाळ्यात चावडीवाचनाची मोहीम निघाली. संगणकावरील सातबारा गावात मोठ्याने वाचून दाखवावयाचा, ज्याचा त्याने ऐकावयाचा, चूक असेल तेथे हरकत घ्यावयाची आणि मग दुरुस्ती करावयाची. पुढे १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्या कामातही विलंब झाला, यंत्रणा मंद चालते म्हणून तलाठी मंडळींच्या तक्रारी झाल्या. ते निर्दोष होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु शेवटचा शिक्का मारण्यापूर्वी ज्याची जमीन त्याला विचारले गेले, हा फरक लहान नव्हे.

विद्यापीठाची कुचेष्टा करण्यासाठी आम्ही हे सांगितले नाही. जे विद्यापीठ १८५७ सालापासून पिढ्यान्‌पिढ्यांना शहाणे करीत आले, त्याच्याच वर्गात हा विषय शिकविला जातो, आणि तरीही त्याच्याच दारात हे घडले. यावरून एवढेच कळते की विषय पुस्तकात असणे निराळे आणि अंगी मुरणे निराळे. शितावरून भाताची परीक्षा करावी हे आपल्याकडे पोरही जाणते. एका विद्याशाखेच्या, एका परीक्षेच्या उत्तरपत्रिका आधी तपासून पाहिल्या असत्या, तर त्या एका शितावरून सतरा लाखांचा अंदाज आला असता.

नोकरीच्या अखेरच्या वर्षांत आम्हां शिक्षकांकडेही मुलांची माहिती संगणकावर भरण्याचे काम आले होते. ती प्रणाली कोणाची हे सांगण्याचे प्रयोजन नाही. दिवसा पान उघडत नसे, म्हणून रात्री जागावे. घरात फोनला रेंज नसे, म्हणून सड्यावर जाऊन बसावे. आम्हांस राहून राहून वाटे की ही रचना करणाऱ्याने वाडीवरच्या एका शाळेत एक दिवस घालविला असता, तर किती जणांच्या रात्री वाचल्या असत्या!

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या पदवीच्या अखेरच्या वर्षी तुम्हांस एक प्रकल्प करावा लागतो. त्यासाठी बाजारातून तयार प्रकल्प विकत घेऊन त्यावर आपले नाव घालण्याची रीत कोठे कोठे पडली आहे, असे ऐकतो. त्याने गुण मिळतील. विद्या मिळणार नाही. ज्याचे काम करावयाचे त्याच्यापुढे बसून ‘तुम्हांस नेमके काय हवे?’ असे विचारणे, आणि तो एक बोलतो व त्याला दुसरेच हवे असते हे ओळखणे, ही विद्या तयार मालात येत नाही.

म्हणून आमची एक सूचना आहे, आणि ती कार्यकारी मंडळाने विचारात घ्यावी अशी नम्र विनंती आहे. आपल्या मंडळाच्या कुटुंबनोंदीच्या व शिष्यवृत्तीच्या वह्या जुन्या झाल्या आहेत. काहींना वाळवी लागली, काहींत एकच कुटुंब कुडाळच्याही आणि मुंबईच्याही यादीत आहे. हे सारे संगणकावर आणावे असा विचार चालू आहे, आणि त्यासाठी बाहेरून तयार प्रणाली आणावी असेही काहींचे मत आहे. आमचे म्हणणे, हे काम आपल्याच विद्यार्थ्यांकडे सोपवावे. मात्र दयेपोटी नव्हे, कराराने.

त्या कराराची कलमे थोडकी असावीत. पहिले, विद्यार्थ्यांनी आधी चिटणीस, खजिनदार आणि गावोगावचे प्रतिनिधी यांच्याशी बोलून काय हवे व काय नको हे कागदावर उतरवावे, आणि त्यावर दोन्ही पक्षांनी सह्या कराव्यात. दुसरे, सह्या झाल्यावर मंडळाने रोज नवे खूळ काढू नये; बदल हवाच असेल तर त्याने मुदत किती वाढेल हे आधी ऐकून घ्यावे. तिसरे, प्रथम एकाच गावची नोंद करावी. ती यादी तेथील देवळाच्या मंडपात, प्रसिद्ध करण्याजोगी तेवढीच, वाचून दाखवावी, आणि चुका निस्तरल्यावाचून दुसऱ्या गावास हात लावू नये. चौथे, दर पंधरवड्यास काय झाले व काय राहिले हे लेखी कळवावे. उशीर होणार असेल तर तो दिसताक्षणी सांगावा, आणि सांगणाऱ्यावर कोणी डाफरू नये. वाईट बातमी लवकर सांगण्याचे धैर्य आणि ती शांतपणे ऐकण्याचे मोठेपण ही दोन्ही असल्यावाचून कोणताही प्रकल्प तडीस जात नाही. पाचवे, नवी व्यवस्था एक वर्ष निर्वेध चालेपर्यंत जुन्या वह्या बंद करू नयेत.

आणखी एक गोष्ट जपली पाहिजे. आपल्या नोंदीत मुलींच्या जन्मतारखा असतात, फोनचे क्रमांक असतात, कोणाच्या घरची मिळकत किती हे असते. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. पण कायदा नसता तरी शेजाऱ्याच्या घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेऊ नये हा आपला कुलाचार आहेच. कोणी काय पाहावे व कोणी काय पाहू नये, हे पहिल्याच कागदावर ठरावे.

यात धोका नाही असे नाही. मुले अननुभवी आहेत, परीक्षेच्या दिवसांत काम थांबेल, एखादा मध्येच नोकरी लागून पुण्यास जाईल. म्हणून काम एकट्यादुकट्याकडे न देता तिघाचौघांकडे द्यावे, व प्रत्येकाने आपण काय केले ते दुसऱ्यास समजेल असे लिहून ठेवावे. आणि नोकरीत मुरलेल्या आपल्याच एखाद्या ज्ञातिबंधूने महिन्यातून एकदा येऊन ते तपासावे.

शेवटी एवढेच. शिष्यवृत्तीच्या यादीत एखाद्या विधवा माउलीच्या मुलाचे नाव उतरावयाचे राहिले, तर संगणकास त्याची खंत नसते. त्या मुलाचे मात्र वर्ष जाते. माहितीप्रणाली ही अखेर माणसांचीच यादी असते, आणि प्रकल्प म्हणजे त्या माणसांना दिलेला शब्द. तो शब्द हिशेबाने द्यावा, हिशेबाने पाळावा आणि पाळणे अशक्य दिसू लागताच उघडपणे सांगावा, एवढे आमच्या मुलांनी विद्यापीठातून शिकून आणले तर त्यांच्या पदवीचे सार्थक झाले असे आम्ही समजू.