ओहोटीच्या रेषेपलीकडे



उन्हाळ्याच्या संध्याकाळी अंधेरीचे पुष्कळ लोक वेसाव्याच्या किनाऱ्यावर हवा खाण्यास जातात. ओहोटी लागली की ओली वाळू उघडी पडते, मुले शिंपले वेचतात, खेकड्यांमागे धावतात आणि समुद्र पाहिल्याचे समाधान घेऊन सारे घरी परततात. आम्हीही वर्षानुवर्षे हेच केले. पण विचार करता ध्यानात येते की, आम्ही पाहिले ते समुद्राचे केवळ अंगण. त्याचे घर पुढे आहे. मोठ्यात मोठ्या ओहोटीलाही जी जमीन उघडी पडत नाही तेथे ते सुरू होते.

त्या घरातील एका रहिवाशाची आपल्या सर्वांशी चांगली ओळख आहे. तो म्हणजे बोंबील. त्याचे शास्त्रीय वर्णन हॅमिल्टनने १८२२ साली केले, तेही गंगेतील माशांवरील ग्रंथात. कारण हा मासा आपल्याप्रमाणेच बंगालच्या मुखाशीही मिळतो. पुढे १९७० साली एस. व्ही. बापट यांनी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेसाठी त्याच्यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. ताटात लिबलिबीत वाटणाऱ्या या माशाच्या अंगात शंभरातले पंचाऐंशीहून अधिक भाग पाणीच असते. पण त्याचा जबडा पाहा. तोंड मोठे, दात सुईसारखे. आमच्या गढूळ समुद्रात तो जवळा, करंदी आणि प्रसंगी स्वतःच्याच जातीची पिल्लेही गिळतो. जवळा पाण्यातील सूक्ष्म जीवांवर आणि कुजलेल्या पाचोळ्यावर जगतो. मालाड-मनोरीच्या खाड्यांतील तिवरांची पाने गळतात, कुजतात आणि ओहोटीबरोबर बाहेर जातात. म्हणजे खाडीकाठचे तिवर तोडले, तर तो घाव पाण्याखालीही पोहोचतो.

हे न दिसणारे जग कोळ्याने डोळ्यांनी नव्हे, तर पाण्याच्या ओढीने ओळखले. त्याची डोल म्हणजे पिशवीसारखे निमुळते जाळे. ती माशांमागे धावत नाही. पाण्यात रोवलेल्या खुंटांना किंवा नांगरांना बांधून तिचे तोंड प्रवाहाकडे ठेवायचे आणि पाण्यानेच मासे आत आणून घालायचे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोराची, अष्टमीच्या सुमारास भांगाला मंद; त्यावर कोळीवाड्याचा दिनक्रम चाले. आलेला बोंबील बांबूच्या वलांडीवर वाळे आणि पावसाळ्याची बेगमी होई.

परंतु येथेच एक पेच आहे. डोल निवड करीत नाही. जवळा हाती लागावा म्हणून टोकाकडची आसे अगदी बारीक ठेवावी लागतात, आणि त्याच आसांत बोंबलाची व इतर माशांची पिल्लेही अडकतात. आसे मोठी करा म्हणून सांगणे सोपे आहे. पण मग जवळा निसटतो, आणि तो सुकवून विकणाऱ्या कोळणीची चूल त्यावर अवलंबून असते. शहरातील माणसाने हा दोष एकट्या कोळ्याच्या माथी मारू नये. तळ खरवडत जाणारी यांत्रिक जाळी, नाल्यांतून वाहत येणारी घाण आणि आपणच फेकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या यांचाही त्या घराच्या मोडतोडीत वाटा आहे.

उपाय मुळीच नाहीत असे नाही. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. २०२३ साली राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरविली. १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था तर वेसाव्यातच आहे. पण कायदा धक्क्यावर उभा राहतो आणि मागणी आपल्या स्वयंपाकघरातून निघते. बोटभर पापलेट स्वस्त म्हणून आपण घेतले, तर ते उद्याही पकडले जाईल.

जे दिसत नाही ते कधी संपणार नाही, असे मानण्याची मनुष्याला सवय आहे. कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करतो तो समुद्र अक्षय आहे म्हणून नव्हे, तर आपले घर त्याच्या घरावर उभे आहे हे तो जाणतो म्हणून, असे आम्हांस वाटते. पुढच्या वेळी ओहोटीच्या रेषेवर उभे राहाल तेव्हा पायांखालच्या शिंपल्यांबरोबर पलीकडच्या गढूळ पाण्याकडेही क्षणभर पाहा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.