पहाटेचे दार
(कलशारोहण समारंभातील पाहुण्यांचे भाषण)



मी कीर्तनकार नाही, शास्त्रीही नाही. परगावी गेलो की पहाटेच्या पूजेला देवळात जायचे, एवढा नेम मात्र आजवर पाळत आलो. दुपारी देवळात यात्रेकरू भेटतात. पहाटे भेटतात ते झाडणारे, पाणी भरणारे, समईची वात सारणारे. गाव कसे आहे ते तेव्हा कळते.

केरळात त्रिशूर जिल्ह्यात गुरुवायूरचे कृष्णमंदिर आहे. आपल्याकडे निर्माल्य म्हणजे उतरवून टाकायची शिळी फुले. तिथे पहाटे ३ वाजता दार उघडते तेच निर्माल्यदर्शनासाठी! कालच्या फुलांत, कालच्या साजात देव पाहावा म्हणून माणसे रात्रीपासून रांग धरतात. पुरुष उघड्या अंगाने, मुंडू नेसून. मागाहून देवाला तेलाचा अभिषेक होतो. आपल्याला ताज्या हाराची केवढी घाई असते!

याच दारापुढे १९३१ साली के. केळप्पन यांनी सत्याग्रह मांडला होता. अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्यांना आत जाता यावे, एवढेच मागणे. १९३२ साली ते उपोषणाला बसले आणि गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी ते सोडले. दार उघडायला १९४७ साल उजाडले. त्याच साली मे महिन्यात आपले साने गुरुजी पंढरपुरात विठोबाच्या दारासाठी उपाशी बसले होते. म्हणजे आज ज्या दारातून आपण सहज आत शिरतो, तिथे कुणीतरी पोटाला चिमटा घेतलेला आहे.

आता इथले बोलतो. सभामंडपाला नवे लोखंडी दार बसले, भले मोठे कुलूपही आले. देवाचे दागिने सांभाळायला हवेत, कबूल. पण किल्ली कुणाकडे, असे सकाळी विचारले तर दोघांनी दोन नावे सांगितली. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत काकडा चालणार. शेवटच्या वस्तीवरची म्हातारी काठी टेकत आली आणि थंडीत दाराशी खोळंबली, तर या संगमरवराचे काय करायचे? कुलूप गाभाऱ्याला घाला, मंडप उघडा ठेवा. आणि काकड्याची पाळी आळीआळीला, गावकुसाबाहेरच्या वस्तीलासुद्धा, नावानिशी वाटून द्या. पाळी ज्याची, त्या दिवशी किल्ली त्याची.

समितीला हे रुचेल न रुचेल, पाहुणा आहे म्हणून बोलून घेतले. पंगत बसायला अजून अवकाश आहे. तेवढ्यात तीस दिवसांची यादी सहज होईल. वही मी बरोबर आणली आहे.