नकाशा : वाट दाखविणारे चित्र

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



भूगोलाचा शिक्षक बोलायला उभा राहिला की मुले मनातल्या मनात म्हणतात, आता पर्जन्यमान आणि पिके! घाबरू नका. आज मी नकाशाविषयी बोलणार आहे, आणि तेही एक चित्र म्हणून. "गुरुजी, चित्रे काढून काय पोट भरणार?" असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी पालक मला विचारतात. त्या वेळी मला नीट उत्तर देता येत नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करतो.

नकाशा म्हणजे जमिनीची हुबेहूब नक्कल, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. जमिनीवरचे सगळेच कागदावर उतरविले तर नुसती गर्दी होईल, वाट दिसणार नाही. म्हणून नकाशा काढणाऱ्याला काही ठेवावे लागते आणि काही गाळावे लागते. काय ठेवावे आणि काय गाळावे हे ठरविणे, यातच नकाशाची सारी कला आहे.

लंडन शहरातल्या भुयारी रेल्वेचे उदाहरण घ्या. हॅरी बेक नावाचा एक ड्राफ्ट्समन त्या रेल्वेच्या सिग्नल खात्यात विजेच्या मंडलांच्या आकृत्या काढीत असे. त्या काळी रेल्वेचे नकाशे मोजमापाला धरून काढीत. त्यामुळे शहराच्या मध्यभागी स्टेशनांची दाटी होई आणि उपनगरांकडे कागद रिकामा राही. बेकने विचार केला, की जमिनीखालून जाणाऱ्या उतारूला गाडी कुठे वळते याच्याशी काय कर्तव्य? कुठे चढायचे, कुठे गाडी बदलायची आणि कुठे उतरायचे, एवढेच त्याला हवे. म्हणून १९३१ साली त्याने फावल्या वेळात एक आकृती काढली. तिच्यातल्या रेघा आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत तिरप्या, एवढ्याच. प्रत्येक मार्गाला निराळा रंग. मधला भाग मोठा करून घेतला, लांबची स्टेशने जवळ ओढली. जमिनीवरच्या खुणांपैकी फक्त थेम्स नदी ठेवली.

अधिकाऱ्यांनी ती आकृती प्रथम नाकारली. हे भलतेच धाडस आहे, असे त्यांना वाटले. बेकने ती पुन्हा पाठविली. जानेवारी १९३३ मध्ये तिच्या सात लाख प्रती काढल्या आणि महिन्याभरातच पुन्हा छापाव्या लागल्या. मोजमापाने पाहिले तर तो नकाशा चुकीचा होता, पण वाट मात्र बरोबर दाखवीत होता. पुढे जगातल्या अनेक शहरांनी तीच पद्धत उचलली. मुंबईच्या लोकलच्या डब्यात स्टेशनांचा जो तक्ता असतो, त्यातही रेघ सरळ असते. प्रत्यक्षात रूळ वळणे घेत जातात, पण त्यावाचून आपले काही अडत नाही.

मग मनाला येईल ते गाळावे काय? नाही. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेसाठी मासिमो विन्येली या नामांकित कलाकाराने १९७२ साली अशीच आकृती तयार केली. दिसायला ती अतिशय सुंदर होती. परंतु लांबट असलेले सेंट्रल पार्क तिच्यात चौकोनी झाले होते. स्टेशनातून वर रस्त्यावर आलेल्या माणसाला नकाशा आणि शहर यांचा मेळ बसेना. तक्रारी आल्या आणि १९७९ साली तो नकाशा बदलला गेला. गंमत अशी, की २०२५ साली त्याच शहराने पुन्हा विन्येलीच्या वळणाचा नवा नकाशा काढला. तात्पर्य, नकाशा कोणासाठी काढायचा आणि तो माणूस कुठे उभा राहून तो पाहणार, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

आणखी एक गोष्ट. उत्तर नेहमी वरच असते असे आपण मुलांना शिकवितो. इ. स. ११५४ मध्ये अल्-इद्रीसी या भूगोलज्ञाने सिसिली बेटावर राजा रॉजर दुसरा याच्यासाठी जगाचा नकाशा पुरा केला. प्रवाशांकडून माहिती जमवून, ती पारखून घेऊन, वर्षानुवर्षे हे काम चालले होते. त्या नकाशात दक्षिण वर आहे! आपल्या डोळ्यांना तो उलटा दिसतो, पण तो चुकीचा नाही. वर कोणती दिशा घ्यायची हे माणसानेच ठरविलेले असते.

आता आपल्या गावाकडे येतो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी नववीच्या वर्गाला "घर ते शाळा" असा नकाशा काढायला सांगितला. वर्गात एक मुलगी होती. पाऊस लागला की ती हमखास उशिरा येई आणि मी तिला दाराशी उभी करीत असे. कारण विचारले तर ती खाली मान घालून गप्प राही. तिच्या नकाशात प्रमाण नव्हते, दिशेचा बाण नव्हता. पुस्तकाप्रमाणे गुण कापायलाच हवे होते. पण तिने दोन वाटा काढल्या होत्या. एक सरळ रेघेची, मशिदीच्या मागून पाखाडी उतरून पऱ्याकडे येणारी. दुसरी ठिपक्यांची, डांबरी रस्त्याने मोठा वळसा घालून येणारी. पऱ्यापाशी तिने निळ्या लाटा काढून बारीक अक्षरात लिहिले होते : "पाणी गुडघ्याच्या वर असेल तर इकडून."

माझ्या हातातली लाल पेन्सिल थांबली. जे तिला तोंडाने सांगता आले नव्हते, ते तिने कागदावर सांगितले होते. दुसऱ्या दिवशी साऱ्या वर्गासमोर मी माझी चूक कबूल केली.

नंतर आम्ही सर्वांचे नकाशे मिळून एका मोठ्या तपकिरी कागदावर उतरविले. तेव्हा दिसले, की त्या एकाच पऱ्यावरून नऊ मुले ये-जा करतात. त्यांतल्या काहींचे वडील आखातात नोकरीला आहेत. मुले कोणत्या वाटेने शाळेला जातात हे त्यांनी कधी पाहिलेलेच नव्हते. तो कागद पालकांनी ग्रामसभेत नेला. साकव अजून झालेला नाही, अर्ज पडून आहे. पण पऱ्याला पाणी असेल त्या दिवशी त्या वाटेच्या मुलांचा उशीर शाळेत मांडला जात नाही, आणि दोन माता आळीपाळीने सकाळी तिथे उभ्या राहतात. एवढे काम एका चित्राने केले.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. आज घरी गेल्यावर मुलाला एक कोरा कागद द्या आणि शाळेची वाट काढायला सांगा. शेजारी बसा, पण मध्ये दुरुस्ती करू नका. रेघ वाकडी आली तरी चालेल. कुठे कुत्री अंगावर येतात, कुठे दिवा नाही, कुठे त्याला थांबावेसे वाटते, हे तुम्हाला कळेल. परदेशी असलेल्या वडिलांनाही तो कागद पाठवा.

विद्यार्थी मित्रांनो, नकाशा काढताना चार प्रश्न स्वतःला विचारा. हा कोणासाठी? तो कुठे उभा राहून पाहील? त्याला काय दिसलेच पाहिजे? आणि काय गाळले तर त्याचे नुकसान होणार नाही? परीक्षेत मात्र शीर्षक, दिशा, प्रमाण आणि सूची विसरू नका, नाहीतर मला गुण कापावे लागतील!